तो कप कोणी विसळला?

माझ्या टेबलावरच्या रिकाम्या कपाच्या तळाशी चहाचा तपकिरी थर वाळून बसला आहे. तास संपवून आल्यापासून माझी नजर त्यावरून हटत नाही.

समाजशास्त्राच्या नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देत नाही. चिठ्ठ्या वाटतो आणि एकच प्रश्न विचारतो, "सकाळी ज्या कपातून चहा प्यायलात, तो कोणी विसळला?" मुलं हसतात, मग लिहायला लागतात. आई. वहिनी. मेसच्या मावशी. समाज म्हणजे कुठेतरी लांब, प्रश्नावली घेऊन पाहायला जायची वस्ती, असं त्यांना वाटत असतं. तो आपल्याच घरच्या मोरीत उकिडवा बसलेला असतो, हे त्या चिठ्ठ्या वाचताना कळतं. तेवढं कळलं की माझं निम्मं काम झालं, असं मी आजवर मानत आलो.

आज मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मीच. भावाचाही." तिने शांतपणे विचारलं, "आणि सर, तुमचा?"

वर्ग हसला नाही. "आमच्या विभागातल्या शांताबाई विसळतात," मी म्हणालो आणि घाईने खडू उचलला. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

आता विभागात कोणी नाही. कप घेऊन मी बेसिनपाशी आलो, नळ सोडला. वाळलेला थर नुसत्या पाण्याने निघेना. आणि घासणी कुठे ठेवतात, हेच मला ठाऊक नाही.