बस कुठपर्यंत आली?

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, मग हसा. मला हे एका दमात सांगायचंय. मध्येच थांबले तर उरलेलं सांगायची हिंमत व्हायची नाही.

आमची मुक्ता सीनियर केजीत आहे, शाळा शीवला. दुपारी तिची बस निघते ती आधी कोळीवाड्यात शिरते, मग दादर, मग आमचं लालबाग, पुढे कॉटन ग्रीन आणि शेवटी रे रोड. कोळीवाड्याला आणि कॉटन ग्रीनला मुलांचे घोळकेच्या घोळके उतरतात. दादरला मात्र एकटा कबीर आणि लालबागला एकटी मुक्ता.

या बसचं एक अ‍ॅप आहे. त्यातल्या नकाशावर एक इवलीशी पिवळी बस सरकत असायची. ती परळचा पूल चढली की मी पायात चपला घालायचे. कारण आम्ही राहतो अकराव्या मजल्यावर. चाळ पाडून टॉवर झाला, सगळं नवीन आलं. लिफ्टही नवीनच, पण तिचा स्वभाव मात्र जुन्या चाळीतल्या नळाचा. येईल तेव्हा येईल.

आणि शाळेचा नियम असा, की स्टॉपवर घरचं कुणी नसेल तर मूल उतरवायचं नाही. बस जरा थांबते, हॉर्न वाजवते आणि मुलाला घेऊन पुढे जाते. झोप उडायला मला एवढं पुरतं. मुक्ता खिडकीतून बघतेय आणि खाली आपली आई नाही.

तर एका सोमवारी ते अ‍ॅप अपडेट झालं. ‘आता अधिक सोपा अनुभव’ असं लिहून आलं आणि पिवळी बस गायब. तिच्या जागी एक हिरवी पट्टी आणि तीवर लिहिलेलं, ‘बस मार्गावर आहे.’ अहो, मार्गावर नाही तर काय समुद्रात असणार? मी तक्रार केली. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,’ असं उत्तर आलं. पुन्हा केली. पुन्हा तेच उत्तर, या वेळी खाली एक हसरा चेहरा.

नवरा म्हणाला, “अगं, आमच्या वेळी कुठे होती अ‍ॅपं? आई बाहेर येऊन उभी राहायची.”

“तुमची खोली तळमजल्यावर होती. आईंनी खिडकीतून हात काढला की तू हातात.”

पण मला काही स्वस्थ बसवेना. मग मला ती कल्पना सुचली.

आम्हा बसवाल्या आयांचा एक ग्रुप आहे. त्यावर तोवर फक्त हरवलेल्या बाटल्या आणि वाढदिवसाचे केक यायचे. कुणी कुणाला नावानं ओळखत नाही. माझ्या फोनमध्ये सगळ्या ‘कबीरची आई, दादर’, ‘रुद्रची आई, कॉटन ग्रीन’ अशाच आहेत. मी लिहिलं, बस ज्या स्टॉपवर येईल तिथल्या आईनं पुढच्यांना कळवायचं. सगळ्यांना पटलं, आणि काय सुरेख चाललं म्हणून सांगू. “कोळीवाडा सोडला.” “दादर सोडलं.” “लालबाग सोडलं,” हे माझं. मला तर कंट्रोल रूममध्ये बसल्यासारखं वाटायला लागलं. कुणी विसरलं की मी फोन करायचे. आवाज गोड ठेवून, पण करायचेच. एकदा कबीरच्या आईकडून मेसेज राहिला, तर तिला म्हटलं, “अहो, तुमच्या एका मेसेजवर पुढच्या सगळ्या मुलांचं अवलंबून असतं हो.”

आणि मग तो दिवस आला.

“कोळीवाडा सोडला,” आलं. दादरचं काही येईना. मी विचारलं, “दादर?”

“स्टॉपवरच उभी आहे. बस नाही आली,” कबीरच्या आईनं लिहिलं. जरा वेळानं पुन्हा, “अजून नाही.”

शाळेचा फोन उचलेनात. बसमधल्या मावशींना लावला, तर तो सारखा बिझी. मी ग्रुपवर लिहिलं, “बसचा पत्ता लागत नाहीये. पुढच्या सगळ्यांनी आत्ताच आपापल्या स्टॉपवर जाऊन थांबा.” झालं. कुणी म्हणे टायर फुटला असेल. कुणी म्हणे माटुंग्याला गर्दी जमलीय. टायर रे रोडपर्यंत पोचला तेव्हा त्याचा अपघात झाला होता. कुणाचे तरी बाबा ऑफिसातून निघाले. आणि मी सगळ्यांना धीर देतेय.

सासूबाई खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गो, खाली पिवळी बस उभी आसा.”

“दुसऱ्या शाळेची असेल, आई.”

“हॉर्न वाजवता.”

“आई, प्लीज, जरा थांबा. इथे बस हरवलीय.”

त्या बिचाऱ्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “गेली ती.”

मी मान वर केली नाही. कशी करणार? मी बस शोधत होते ना.

आणि ग्रुपवर रुद्रच्या आईचा मेसेज आला. “बस कॉटन ग्रीनला आली. सगळी मुलं ठीक आहेत. मुक्ता आतच आहे. मुक्ताची आई कुठे हरवली?”

पाठोपाठ कबीरच्या आईचा. “सॉरी हं. कबीरला ताप आहे, तो आज घरीच आहे. पण तुम्ही म्हणाला होतात ना, पुढच्या मुलांचं अवलंबून असतं, म्हणून मी स्टॉपवर येऊन उभी राहिले.”

कबीर नाही, तर बस दादरला वळेल कशाला? ती सरळ लालबागला आली, तीही रोजच्यापेक्षा लवकर. आणि ती बाई पोराचा ताप सोडून उन्हात उभी, माझ्यासाठी. तिच्यावर रागवायचीसुद्धा सोय नव्हती.

लिफ्टची वाट न बघता अकरा मजले उतरले आणि थेट रे रोडची टॅक्सी केली. गोदामांच्या भिंती सरकत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ते खिडकीचं चित्र. वाटलं, नकाशावरच्या त्या पिवळ्या बसमुळे मला दिवसातून तेवढा वेळ तरी काळजी नसायची. ती गेली तर मी काय केलं? आपली काळजी वाढवली आणि शीवपासून रे रोडपर्यंत सगळ्यांना वाटली.

रे रोडला बस रिकामी उभी होती. पायरीवर एक अनोळखी बाई बसलेली, एका बाजूला युनिफॉर्ममधला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुक्ता, त्याच्या बाटलीतलं पाणी पीत. रुद्रची आई. मुक्ताला कॉटन ग्रीनला उतरवू देईनात, म्हणून ही आपल्या मुलाला घेऊन पुन्हा बसमध्ये चढली होती. रिकाम्या होत जाणाऱ्या बसमध्ये पोर एकटी नको म्हणून.

मी मुक्ताला जवळ घेतलं.

“आई, दुखतंय,” ती म्हणाली.

“अहो, रडताय काय? मजेत होती ती,” रुद्रची आई म्हणाली. “मावशी तुम्हाला फोन लावून दमल्या, तुमचा आपला बिझी.”

“मी त्यांनाच लावत होते.”

“असं होय. ड्रायव्हर तर चकित झाला आज. कॉटन ग्रीनला बघा, रे रोडला बघा, सगळ्या आया आधीपासून हजर. असं कधी झालं नव्हतं म्हणे.”

“सगळ्यांना मीच खाली पाठवलं,” मी डोळे पुसत म्हटलं. तशातही आवाजात थोडा अभिमान आलाच.

“हो ना, मलाही तुम्हीच पाठवलंत,” ती म्हणाली. “पण तुम्हाला कोण पाठवणार होतं?”