सासूबाईंचं प्रभुभोजन

मनुका उकळल्याचा वास आला की आजही तो दिवस आठवते. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. सासूबाईंना धाप लागली होती, शेवटचं प्रभुभोजन हवं होतं, येशूच्या आठवणीची भाकर अन् द्राक्षारस. द्राक्षारसाच्या जागी मी मनुकांचा रस करून ठेवला, पण चर्चचे पाळक मंत्र्याच्या ताफ्यापायी तेलीबांध्याच्या चौकात अडकलेले.

"तूच दे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे पाळकांचं काम. पाप लागलं तर?"

"काहून भिऊन राहिली वं? येशूनं कोळ्यांच्या हाती भाकर दिली, तेव्हा कोणाचं सर्टिफिकेट पाहिलं?"

मी पोळीचा तुकडा रसात बुडवून त्यांना भरवला. त्या निवांत झोपल्या. आज हसू येते, पण तेव्हा वाटलं, चर्चच्या मंडळीतून आपलं नाव कापतात आता.

पाळक आले, वाटी पाहिली. "कोणी दिलं?"

"मी."

ते खाटेजवळ गुडघ्यावर बसले. "उरलं असेल तर मलेही दे, बाई."