पानात ठेवलेली माया

आमची वहिनी कुणाच्या घरी गेली की आधी मोबाईल मागते. तोही घरातला सगळ्यात जुना, काच तडकलेला. त्यावर आपण बनवलेली एखादी वेबसाइट उघडायची, उभी बघायची, आडवी बघायची आणि स्वतःशीच पुटपुटायचं. दादा बिचारा ओशाळतो. मी त्याची बहीण, मला मजा वाटते.

वेबसाइटची पानं आखणं हे तिचं काम. एकच पान कुणी टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडतं, कुणी तळहाताएवढ्या मोबाईलवर, कुणी स्क्रीनवरची खिडकी अर्धी करून शेजारी दुसरंच काही मांडतं. सगळीकडे ते नीट बसलं पाहिजे, यावरून ती जगाशी भांडते. आमची आई शिवणकाम करते. लग्न होऊन आल्यावर वहिनीने तिला एक फ्रॉक उसवताना पाहिलं आणि आत दुमडलेल्या जास्तीच्या कापडाकडे बोट दाखवलं.

"आई, हे कशाला वाया घालवलंत?"

"वाया कसलं? माया म्हणतात त्याला. अंग भरलं की सोडायची."

तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. वहिनीच्या तोंडीही तेच: पानात माया हवी, रुंदी ठोकून बसवायची नाही.

मी एका इस्पितळात स्वागतकक्षात बसते. आमच्या वेबसाइटचं काम नेमकं वहिनीच्या कंपनीकडे गेलं. फोन उचलून माझे कान किटले होते. लोकांना घरबसल्या नंबर लावता आला तर मी सुटणार होते. पण आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना हवी होती नवी इमारत, फोटोत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनीच्या साहेबांनी लगेच मान डोलावली आणि बाईंच्या केबिनमधल्या स्क्रीनच्या मापाचं पान करायला सांगितलं. मोबाईलचं नंतर बघू म्हणे. असलं 'नंतर' कधी येत नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. तिने साहेबांचं पान केलं आणि सोबत आपलंही एक केलं.

दाखवायच्या दिवशी मीही केबिनमध्ये होते. आत शिरताना वहिनी माझ्या कानात म्हणाली, "साहेबांनी बजावलंय. माझं पान उघडलं तर नोकरी गेली."

"मग?"

"मग काय? बघशीलच."

आणि तिने दार ढकललं.

भिंतीवरच्या स्क्रीनवर इमारत झळकली. बाई खूश, साहेब खूश. तेवढ्यात वहिनीने माउसने त्या पानाच्या खिडकीची कड धरली आणि आत ओढली. इमारत ढिम्म हलली नाही. 'नंबर लावा' हे बटण मात्र उजवीकडे कापलं गेलं आणि पार दिसेनासं झालं.

"एवढी अरुंद खिडकी कोण करतं?" साहेब हसले.

"ताप आलेलं माणूस या भिंतीसमोर येऊन बसत नाही, साहेब. ते मोबाईल घेऊन अंथरुणात पडलेलं असतं. त्याला इमारत दाखवायची?"

"खाली बस."

ती बसली नाही. तिने आपलं पान उघडलं आणि पुन्हा कड ओढली. फोटो आकसला, मजकूर एकाखाली एक आला, बटण आपलं जागच्या जागी. मीही पेटले. तेच पान माझ्या मोबाईलवर उघडून सरळ बाईंच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं, नंबर लागला.

"हेच ठेवा," बाई म्हणाल्या, जरा घुश्श्यातच.

साहेबांनी आम्हाला जिन्यात गाठलं. "पान राहील. तू नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"नाहीच येत," वहिनी म्हणाली. "पण त्या बटणाला हात लावलात तर बघा." आणि तरातरा जिना उतरून गेली. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

घरी आई मशीनवर होती. वहिनीने आईच्याच मोबाईलवर ते पान उघडून दिलं. आईला बारीक दिसत नाही, म्हणून तिने अक्षरं होतील तेवढी मोठी करून ठेवलीत. बाकीच्या वेबसाइटींचं त्यात पार कडबोळं होतं. या पानावर अक्षरं ढब्बू झाली, पण एकही ओळ कापली गेली नाही.

"माया ठेवलीस की गं," आई म्हणाली.

"ठेवली. नोकरी गेली, आई." दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माप घेताना बघते तसं.

"जाऊ दे. आखूडच होती ती तुला."