मिरची भजी आणि आश्रमाचा टँकर

मंडळी, आज आमची चांगलीच फजिती झाली.

लातुरात पाण्याचे हाल तुम्हाला ठाऊकच आहेत. म्हणून आमच्या भज्यांच्या दुकानावर पाटी लावली: 'आजची निम्मी विक्री वृद्धाश्रमाच्या टँकरला.'

गर्दी लई झाली. पण बायकोनं मिरची भजी जहाल केली होती. पुण्य कमवायला आलेली माणसं सी-सी करत आमचा पाण्याचा अख्खा ड्रम पिऊन गेली!

संध्याकाळी टँकर आश्रमात पोचला. तासाभरात तिथल्या एक आजी रिक्षातून घागर घेऊन हजर.

"टँकरवाला म्हणला, तुमच्याकडं थेंब न्हाई. हे घ्या."

माझे डोळेच भरून आले.

"रडत नको बसू बाबा. आमच्या बारा जणींची भजी बांध. मिरचीचीच दे."

आता फुकट द्यावीत तर आजी ऐकेनात, पैसे घ्यावेत तर बायको ऐकेना. तुम्ही काय केलं असतं?