धुऱ्यावरचं सॉफ्टवेअर

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप वाढतात: टेबलाखालच्या वायरी आणि किस्से. वायरी निदान दिवाळीला कोणीतरी आवरतं. किस्से मात्र चहा सांगितला की बाहेर येतात, आणि एक ओढला की त्याला गुंतलेले बाकीचेही येतात.

आधी माणसं सांगतो. भंडाऱ्यात विद्यापीठाचं एक छोटं संशोधन केंद्र आहे. तिथे एका खोलीत वीसेक कम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवलेत. सगळे मिळून एकच मोठं गणित करतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. ते सांभाळणारे आम्ही तिघं. मी विलास, सिहोऱ्याचा, मशीनवाला. पराते मॅडम गणिताच्या. घरी हातमाग, त्यामुळे धागा कुठे तुटला ते शोधल्याशिवाय त्यांना चैन नाही, आणि तो आपल्याकडून तुटलेला नाही हे दाखवल्याशिवाय तर मुळीच नाही. तिसरे कापगते सर, रसायनशास्त्राचे, लाखनीकडचे, घरी धानाची शेती.

कोणतं सॉफ्टवेअर कोणी सांभाळायचं यावरून आमचं रोज वाजायचं. शेवटी संचालक साहेबांनी तिघांना बोलावलं.

"अख्खा जिल्हा वाटून झाला. गोंदिया वेगळं झालं, फायली गेल्या, खुर्च्या गेल्या. तुमच्यानं चार सॉफ्टवेअर वाटणं होत नाही?"

मग वाटणी झाली. मशीन माझं. सगळ्यांना लागणारं सामायिक सॉफ्टवेअर मॅडमचं. विद्यार्थी स्वतः लिहितात ते प्रोग्राम सरांचे. सगळे उठणार तेवढ्यात सरांनी विचारलं, "आन् धुऱ्यावर जे येईल त्याचं काय जी?"

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यावरच्या झाडाची सावली दोघांनाही हवी असते, पालापाचोळा मात्र समोरच्याचा असतो. साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं आहात. समजून घ्या."

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बिघाड धुऱ्यावरच होतो.

*

पहिला बिघाड एसीचा. क्लस्टरच्या खोलीतला एसी गळायला लागला. खाली बादली ठेवली. बादली भरली. आता ती रिकामी कोणी करायची?

मी म्हटलं, मशीन माझं, एसी माझा नाही. मॅडम म्हणाल्या, बादलीत सॉफ्टवेअर नाही. सर म्हणाले, "माह्या पोरांनी काई बादलीत प्रोग्राम नाई लिहिला."

बादली काही दिवस खोलीभर फिरत राहिली. जो यायचा तो पायानं ती दुसऱ्याच्या बाजूला सरकवायचा. एकदा ती दारातच उलटली आणि साहेबांचे बूट भिजले. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला.

"पाणी म्हणजे रसायनशास्त्र."

बादली अजून कापगते सरांकडे आहे.

*

मग तक्रारींसाठी ईमेल सुरू केला. माझी कल्पना. आपल्या वाटणीतली तक्रार नसली तर ती पुढच्याकडे आपोआप जायची. मी माझ्याकडून मॅडमकडे लावली, मॅडमनी सरांकडे, आणि सरांनी सवयीनं तक्रार करणाऱ्याकडेच.

रजनी नावाची सरांची पीएचडीची विद्यार्थिनी होती. तिनं सकाळी एक तक्रार पाठवली. दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली, मोबाईल पुढे केला. तिचीच तक्रार तिला परत आली होती, वर आमचं वाक्य: 'आपली तक्रार योग्य व्यक्तीकडे पाठवली आहे.'

"सर," ती म्हणाली, "योग्य व्यक्ती मीच निघाले."

*

रजनीचं काम साधं नव्हतं. धानावर तुडतुडे पडतात, उभं पीक जाळून टाकतात. त्यांना रोखणारं एखादं रसायन सापडतं का, याचं ती गणित करत होती. ते क्लस्टरवर आठवडाभर चालायचं. आणि नेमकं शेवटच्या गणिताच्या आधी मॅडमनी सामायिक सॉफ्टवेअर नवं केलं. रजनीचा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि लगेच मरायचा.

मॅडम म्हणाल्या, "नवीन टाकलं. नवीन कसं बिघडेल?"

सर म्हणाले, "प्रोग्राम तं काल चालत होता. आम्ही हात नाई लावला."

मी नेहमीचं उत्तर दिलं: "मशीनची लाइट हिरवी आहे."

तिची पीएचडीची मुदत महिनाअखेर संपत होती. एकदा वाढवून झालेली, आता पुन्हा मिळणार नव्हती. गणित झालं नाही तर सगळी वर्षं वाया. ती कॅन्टीनमध्ये बसून रडली. मला खरंच वाईट वाटलं. मी तिला मॅडमचा नंबर दिला.

*

त्यात दिवाळी झाली आणि मंडया सुरू झाल्या. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे, दुकानं, मटण, रात्री नाटक. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे ऑफिसात रोज कोणीतरी नसतं. मॅडम शहरातल्या, त्यांना स्वतःची मंडई नाही, म्हणून त्या सगळ्यांच्या मंडईला जातात.

रजनी एसटीनं सिहोऱ्याला आली. मी पाहुण्यांत होतो. तिला चहा पाजला आणि मॅडमकडे पाठवलं. मॅडम मामेबहिणीच्या गावी भेटल्या. त्यांनी तिला चिवडा दिला आणि सरांकडे पाठवलं. सरांनी तिला जेवू घातलं आणि म्हणाले, "विलासले विचार. मशीनचं असन."

तिनं काहीच वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "सर, रविवारी आमच्या गावची मंडई आहे. बाबांनी तुम्हाला बोलावलं आहे." मग तेच मॅडमना फोनवर सांगितलं, आणि मला.

मंडईचं बोलावणं नाकारता येत नाही. शिवाय मटण होतं.

*

लाखनीजवळच्या त्या गावात आम्ही तिघं दुपारी पोचलो. एकमेकांना बघून जरा अवघडलो. रजनीच्या बाबांनी पाय धुवायला पाणी दिलं, आतल्या खोलीत सतरंजीवर बसवलं. गावात धुऱ्याची भांडणं सोडवायला यांनाच बोलावतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. रजनीनं क्लस्टरला जोडलेला लॅपटॉप आणून मध्ये ठेवला आणि स्वतःही तिथेच बसली.

बाबा म्हणाले, "पोरीचं काम कोनाकडून अडून राहिलं जी?"

आम्ही तिघांनी बोटं दाखवली. तीन बोटं, तिन्ही दिशांना.

बाबांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले, उठले, बाहेर गेले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"निपटलं का आवाज द्या. भात तयार हाय."

मटणाचा वास दाराखालून येत होता. सर म्हणाले, "आता काय?" मॅडमनी लॅपटॉप ओढला. आम्ही तिघं एका स्क्रीनपुढे बसलो, नोकरीत पहिल्यांदा. थोड्याच वेळात कळलं ते असं: मी वीसपैकी अर्धेच कम्प्युटर अपडेट केले होते. मॅडमचं नवं सॉफ्टवेअर त्या अर्ध्यांवरच बसलं होतं. आणि सरांच्या वाटणीचा, रजनीचा प्रोग्राम जुनंच सॉफ्टवेअर शोधत होता. बिघाड तिघांच्याही वावरात होता. ज्यानं त्यानं आपापलं दुरुस्त केलं.

"बाबा, निपटलं!" सर ओरडले.

बाहेरून आवाज आला, "तुमाले नाई विचारत जी. पोरी, चालून राहिलं का?"

रजनी स्क्रीनकडे बघत होती. आकडे यायला लागले होते. मग म्हणाली, "चाललं, बाबा."

तेव्हा कडी निघाली. मटण उत्तम होतं.

*

रजनीनं मुदतीत प्रबंध दिला. पुढे तिची तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांसमोर, केंद्राच्या सभागृहात. पुण्याहून परीक्षक आलेले. पहिल्या रांगेत आम्ही तिघं इस्त्रीच्या कपड्यांत, शेवटच्या रांगेत बाबा, खांद्यावर दुपट्टा.

परीक्षक खूश होते. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढं अवघड सॉफ्टवेअर आमच्याकडेही नीट चालत नाही. तुमच्याकडे ते सांभाळतं कोण?"

मी कॉलर नीट केली. मॅडमनी पदर सावरला. सर अर्धे उठलेच.

"माझे बाबा, सर," रजनी म्हणाली आणि शेवटच्या रांगेकडे हात केला.

सगळं सभागृह वळलं. परीक्षकांनी चष्मा वर केला. "असं? तुम्ही नेमकं काय करता, काका?"

बाबा उभे राहिले. हात जोडले.

"काई नाई जी," म्हणाले, "दाराले बाहेरून कडी घालतो."