साहेबांची धून

कुणी वाचलंच तर माझं अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात, शाळा चौथीपर्यंतच झाली.

गंगापूर रोडला मी ज्यांच्याकडे पोळ्या करायचे, ते साहेब ओझरच्या कारखान्यात नोकरीला होते. घरी आले की बुटांसकट पियानोपाशी बसायचे. वहिनी चांदवडला माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः एक धून रचली. येईल त्याला ती ऐकवायचे आणि विचारायचे, "कसं वाटलं? खरं सांगा." कुणी काही सुचवलं की मान डोलवून म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." बदलायचे मात्र काहीच नाहीत.

वहिनी परत येऊन म्हणाल्या, "मी गेले तर एवढं रडगाणं?"

"बरोबर आहे तुझं. पण तू नव्हतीस ना!"

एकदा मलाही विचारलं. मी पोळपाटाकडे बघत म्हटलं, "छान आहे, पण लवकर संपते. माझ्या चार पोळ्या लाटायच्या राहतात."

ते खूप हसले. पुढच्या आठवड्यात धून चार पोळ्यांनी वाढली होती.

दिवाळीत शेजारी ऐकायला जमले. त्यांतले एक वकील म्हणाले, "शेवट फार लांबलाय राव, कापा तो."

या वेळी साहेबांनी मान डोलवली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून विचारलं, "बाई, कापू का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नको," मी म्हटलं. "तोच तर गोड आहे."

"ऐकलंत वकीलसाहेब?" म्हणत त्यांनी तेवढाच शेवट पुन्हा वाजवला.