फाटल्यानंतरचा षड्ज

लातूरच्या मैफलीत वरच्या षड्जावर गायिकेचा आवाज फाटला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली, तानपुरा ऐकला आणि पुन्हा त्याच षड्जावर अशी स्थिरावली, की माझ्या अंगावर काटा आला.

नांदेडला परतून मी आमच्या दैनिकासाठी तेच लिहिलं. संपादक फोनवर म्हणाले, "एवढं कोण वाचून राहिलंय? आवाज फाटल्याची रील लई चालून राहिली. त्या रीलवर दोन ओळी द्या."

"फाटकंच विकायचंय तर दुसरा माणूस बघा," म्हणून मी फोन आपटला.

सकाळी गायिकेचा फोन आला. "मैफलीत तुम्ही होतात असं कळलं. आवाज फाटल्यानंतरचा षड्ज तुम्ही ऐकलात ना? मग सांगा की लोकांना."

मी तिला लेख वाचून दाखवू लागलो.

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी तर तिथंच होते."